नर्सला जुळणारा शब्द

"पर्स लावा ना काका. पोर झाली नर्स, हातात पर्स. एकदम फिट बसतं," लोकेशने सोमाच्या समोर बसून, तोंड मोठं उघडून सांगितलं. सोमाशी बोलायचं तर हल्ली सगळ्यांना असंच बोलावं लागे.

लोकेश लग्नात गाणाऱ्या गायन पार्टीचा गायक. त्याचा शब्द सोमाला ओठांवरून कळला, पण पटला नाही. "दिवसभर वार्डात उभी राह्यते ती," तो म्हणाला. "हातात सुई, नाही तं सलाईन. तिच्या हाती पर्स कुठून आणू मी?"

लोकेश हसला आणि चहा संपवून निघाला. जाताना आनंदीला, म्हणजे सोमाच्या बायकोला, हळूच सांगून गेला की काकांना जमलं नाही तर तयार गाणं आहेच, फक्त नाव बदलायचं. सोमा ऐकू शकत नसला तरी आंधळा नव्हता. त्याने तेही ओठांवरून वाचलं.

लिंबायतच्या त्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, गाणं सोमाचंच असायचं. तरुणपणी तो भुसावळकडून सुरतेला आला आणि लूमच्या खात्यात लागला. कारखान्याला इथे खातंच म्हणतात. आत सगळे माग एकदम चालू असले की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचायला आपोआप शिकतात. सोमा मागाच्या ठेक्यावर मनातल्या मनात गाणी जुळवायचा. त्या मागांनीच त्याला चाल दिली आणि त्यांनीच हळूहळू त्याचे कान नेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते नुसती शिट्टी मारायचं. शेवटी ते डब्यात जाऊन बसलं आणि सोमाने गाणी करणं सोडलं.

आता लग्न खुद्द त्याच्या विशाखाचं होतं. एकुलती एक पोर, गल्लीतली पहिली नर्स. लग्नानंतर ती पुण्याला जाणार होती. तिने बापाकडे दागिना मागितला नाही की कपाट मागितलं नाही. गाणं मागितलं, आणि त्यात नर्स हा शब्द ओळीच्या शेवटी हवा म्हणून हट्ट धरला. लोकांच्या तोंडात राहिला पाहिजे, म्हणाली. सोमाला काहीही करून हे गाणं तिला द्यायचं होतं. पोरीच्या लग्नात दुसऱ्याचं उसनं गाणं वाजलं असतं तर तो मांडवात ताठ मानेने बसू शकला नसता.

संध्याकाळी विशाखा ड्युटीवरून आली तेव्हा बाप खाटेवर तोंड पाडून बसला होता. तिने खुणेनेच काय झालं म्हणून विचारलं.

"शब्द दिसते मले," सोमा म्हणाला. "कानात वाजत नाही. जुळला का नाही, कसं समजणार? लोक हसतील तुले."

विशाखा खाटेवर टेकली. तिने त्याचा हात ओढून आपल्या तोंडासमोर धरला आणि तळहातावर म्हणाली, "नर्स."

सोमा दचकला. शब्दाच्या शेवटी एक बारीक, लांब फुंकर हाताला लागली होती. उभ्या आयुष्यात त्याने कापडातली गाठ डोळ्यांआधी हाताने ओळखली होती. हे त्याला नवीन नव्हतं, फक्त सुचलं नव्हतं.

"पर्स म्हण," तो म्हणाला. तीच फुंकर, जशीच्या तशी. मग त्याने तिला वर्ष म्हणायला लावलं, हर्ष म्हणायला लावलं. ती फुंकर थोडी पसरट होती, पण बहीण वाटावी इतकी सारखी. मात्र वर्ष तिथे बसेना आणि हर्ष तर प्रत्येक लग्नपत्रिकेत असतो. मधेच आनंदीने स्वयंपाकघरातून खर्च सुचवला. विशाखाने हसत तोही म्हणून दाखवला, पण त्याची हवा शेवटी तुटली. लग्नाला हाच शब्द खरा जुळतो, असं आनंदी पुटपुटली.

बोलता बोलता विशाखाची बोटं सवयीने बापाच्या मनगटावर, नाडीवर गेली होती. सोमाने त्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "स्पर्श म्हण."

तिने म्हटलं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा नर्स, पुन्हा स्पर्श. तो डोळे मिटून हात धरून बसला आणि पोरगी न कंटाळता त्याच्या तळहातावर शब्द सोडत राहिली.

लोकेशला गाणं दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "जरा कच्चं आहे काका, पण चालून जाईल." हे 'चालून जाईल' सोमाला लग्नापर्यंत खात होतं.

बुद्धविहारासमोरच्या मांडवात वंदना झाली, लग्न लागलं आणि लोकेशने पेटी ओढली. सोमा पुढच्या खुर्चीत बसून त्याच्या ओठांकडे पाहत होता.

*लूमच्या गल्लीतली पोर झाली नर्स,*
*तापल्या कपाळाला मायेचा स्पर्श.*

बायका ओळ उचलायला लागल्या. सोमा एकेकीचं तोंड बघत होता. नर्सला त्यांचे ओठ ताणले जात होते आणि स्पर्शला पुढे येत होते. दोन्ही शब्द वेगळेच दिसत होते. एवढ्या माणसांत आपण पोरीच्या गाण्याचं वाटोळं केलं, असं त्याला वाटलं. त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात त्याच्या गुडघ्यापाशी पांढरी साडी दिसली. विशाखा मंचावरून उतरून, हार सावरत, त्याच्यासमोर बसली होती. तिने त्याचा उजवा हात घेतला, तोंडासमोर धरला आणि सगळ्यांबरोबर ती ओळ गायली. मग पुन्हा गायली. बहिणींसारख्या दोन फुंकरा तळहातावर आल्या. जुळलं होतं. सोमा चारचौघांत रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

दुपारनंतर विशाखाला घेऊन गाडी पुण्याकडे गेली. मांडवात खुर्च्या एकावर एक चढत होत्या. आनंदीने ताट वाढून आणलं आणि सकाळपासून पोटात काही नाही म्हणून दटावलं. मग हातावर पाणी घालायला ती तांब्या घेऊन उभी राहिली.

सोमाने उजवा हात मांडीवर मिटून ठेवला होता.

"थोड्या वेळानं जेवतो," तो म्हणाला.

आनंदीने त्या मुठीकडे पाहिलं. तांब्या खाली ठेवला, ताटावर दुसरं ताट झाकलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.