गाडी चार्ज होईपर्यंत

गोटीरामने जन्मभर डिझेलचे टेम्पो हाकले. काटा लाल रेघेवर आला तरी गाडी अजून पाच-दहा किलोमीटर मुकाट्याने ओढते, हे त्याच्या अंगात मुरलेलं. केतनने, म्हणजे मुलाने, हट्टाने इलेक्ट्रिक पिकअप घ्यायला लावली, तेव्हा पडद्यावरच्या बॅटरीच्या आकड्यालाही त्याने तोच न्याय लावला. त्या दिवशी सकाळी तळोज्याच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. त्यावर कळंबोलीच्या लोखंड बाजारातून मोरा बंदरातल्या एका शेडसाठी अँगल भरले, तेही गाडीला सोसेल त्याहून जरा जास्तच. चार्जिंगला रांग होती. रांगेत उभं राहायला आपण काय रेशनवर आलोय, म्हणून साहेब तसेच निघाले.

आकडा बिचारा खरं सांगत होता. जासईत गाडी मंदावली आणि कडेला गप्प उभी राहिली. उभी राहिली ती नेमकी शेवंताबाईच्या दारात.

शेवंताबाई त्याची थोरली बहीण. तिच्या सोनमच्या लग्नात मामा म्हणून हा नवरीच्या मागे उभा राहायचा, तर भाडं पोचवून येताना जुना टेम्पो पळस्प्याला बंद पडला. हा पोचेपर्यंत अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. "तुला बहिनीपेक्षा भाडं मोठं," ती म्हणाली, आणि हा फणकाऱ्याने न जेवता परतला. तेव्हापासून बोलणं बंद. जासई आली की हा वेग वाढवायचा, पण बहिणीवाचून त्याला करमत नव्हतं हे खरं.

शेवंताबाई ओट्यावर आली. "बंद परली?"

"बंद नाय. चार्जिंग संपली."

"म्हंजे बंदच."

गोटीरामने चार्जरची वायर काढली. "बाय, एक प्लग भेटंल का?"

तिने खिडकी उघडली. मग म्हणाली, "एसीचा हाय. लाव त्याला."

खिडकीतून वायर आत गेली. आता बसण्याशिवाय इलाज नव्हता. पहिला चहा अबोल्यातच झाला. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण आलं, तेव्हा तिने त्याच्या शुगरची चौकशी केली. ताट रिकामं होईस्तोवर सोनमला दिवस गेल्याची बातमी फुटली होती आणि दोघं लहानपणीच्या मिठागरातल्या मारामाऱ्या आठवून हसत होती. पोटभर जेवून गोटीराम सोफ्यावरच आडवा झाला.

ऊन उतरल्यावर जाग आली. धावत जाऊन पडदा पाहिला, तर चार्जिंग नावाला वाढलेली. त्याचा पारा चढला.

"सोसायटीत दूध टाकनाऱ्यांना बरी ही गाडी. लोखंड वाहनाऱ्या गावच्या मानसाला काय कामाची? उद्याच केतनला सांगतो, इकून टाक."

"गारीला नको बोलू," शेवंताबाई म्हणाली. "तू निजलास तवा बटन मीच बंद केलं."

"कशाला?"

"भरली असती तर गेला असतास. डिझेलची असती तर कॅन वतून कवाच पलाला असतास." तिने पदर डोळ्यांना लावला. "आजची रात रहा ना, गोट्या."

गोटीरामने खिशातून मोबाईल काढला. त्याने मोऱ्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावून माल उद्या येईल म्हणून सांगितलं.

"नवी गाडी ना तुमची? काय झालं तिला?" गिऱ्हाईक वैतागलं.

"काय नाय झालं," गोटीराम म्हणाला. "एक नंबर गाडी हाय. तुमीपन घ्या."