लिटरकाकांची बाजू

माझे वडील सबसिडीमुळे गेले नाहीत. ते न्युमोनियाने गेले, मंगळवारी दुपारी, आणि त्यांचं शेवटचं वाक्य उशीबद्दल होतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण नंतरच्या तीन आठवड्यांत हे सांगायला मला कोणी जागाच दिली नाही.

एकतीस वर्षं ते एकाच पेट्रोल पंपावर होते. सगळे त्यांना लिटरकाका म्हणायचे. बाटली किती भरली हे ते मीटरकडे न बघता सांगायचे, आणि पेट्रोल पडल्याच्या आवाजावरून गाडीच्या मालकाची जात नव्हे पण पगार ओळखायचे. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी रोज सकाळी पंपावर चक्कर असायचीच. तिथे ते कामावरच्या लोकांना कामाबद्दल सल्ले देत आणि लोक ते ऐकल्यासारखं करत.

ते गेले त्याच मंगळवारी संध्याकाळी सरकारने जाहीर केलं की इंधनावरची सबसिडी काढून टाकायचा विचार आहे. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. वेळसुद्धा उलटी होती. वडील दुपारी गेले, बातमी सातला आली. पण पंप कामगार युनियनच्या सेक्रेटरीला असल्या बारीकसारीक गोष्टी कधी आड येत नाहीत. शुक्रवारी चौकात फलक लागला. ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात वडील नुकतेच चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात, तो दारापेक्षा मोठा केलेला. खाली लाल अक्षरांत: 'सबसिडीचा पहिला बळी.'

"पहिला?" मी सेक्रेटरीला विचारलं. "म्हणजे पुढचे ठरलेत?"

"ताई, आंदोलन लांबणार आहे," तो म्हणाला. विनोद त्याच्या अंगावरून पाणी जावं तसा गेला.

आईला मात्र फलक आवडला. मला तिचा राग येत नाही. नवरा गेल्यावर बाईने दिवसभर काय करायचं हे कोणी शिकवत नाही. बळीच्या बायकोला निदान काम असतं. सभा होत्या, पहिल्या रांगेतली खुर्ची होती, वर्तमानपत्रातली एक मुलगी वही घेऊन घरी आली होती. "शेवटच्या श्वासापर्यंत त्यांनी गरिबांचाच विचार केला," आई तिला सांगत होती. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. शेवटच्या श्वासाला मी हजर होते. ते म्हणाले होते, ही उशी कोणी निवडली, हिच्यात काही आहे की नुसता अभ्रा.

माझी अडचण फलकाची नव्हती. अडचण ही, की तीन आठवड्यांत आई त्यांच्याबद्दल जे जे बोलली त्यातल्या एकाही वाक्यात मला माझे वडील सापडले नाहीत. ती पत्रकासारखं बोलायची. घरात आम्ही दोघीच उरलो होतो आणि तो माणूस ज्यांना माहीत होता अशाही आम्ही दोघीच. तिने पत्रकच खरं मानलं, तर मी एकटी पडणार होते, आणि एकटीच्या आठवणीवर मी फार विश्वास ठेवत नाही.

त्यात आणखी एक भानगड होती. वडील सबसिडी काढायच्या बाजूचे होते.

टीव्हीवर चर्चा लागली की ते आवाज बंद करायचे आणि तज्ज्ञांची भाषणं स्वतः करायचे. मग माझ्याकडे वळायचे. "तू एवढ्या पुस्तकांत असतेस, सांग. मोठ्या गाडीच्या टाकीत साठ लिटर जातं. बाई पंपावर रॉकेलला बाटली घेऊन येते, तिच्यात एक. सरकार दर लिटरमागे मदत करतं. मदत कोणाला जास्त?"

"गाडीला."

"मग हे कळायला यांना समिती कशाला लागते?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एकदा मी त्यांना अर्थशास्त्रावरचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. चाळीस पानं वाचून त्यांनी परत केलं. समासात पेन्सिलने लिहिलं होतं: 'याने स्वतः कधी पेट्रोल भरलेलं नाही.' ग्रंथपालाच्या बापाने करू नये असा हा गुन्हा. मी तो खोडला नाही.

पण त्यांचं म्हणणं तिथे संपत नव्हतं. "आधी बाटलीवालीच्या हातात पैसे ठेवायचे," ते म्हणायचे, "मग सबसिडी काढायची. उलट केलं तर तिला अर्ज भरायला लावतील. मग अर्जाला फोटो, फोटोला शिक्का. तोवर तिची चूल विझलेली." हे सगळं ते घरात बोलत. युनियनच्या सभेत मात्र सबसिडीसाठी सगळ्यांबरोबर हात वर. मी विचारलं तर म्हणाले, "नोकरी आहे." निवृत्त झाल्यावर विचारलं तर म्हणाले, "मित्र आहेत."

सबसिडीवर लोकांची मतं ऐकायला सरकारने आयोग नेमला होता. त्याची सुनावणी शनिवारी, नगरभवनात. प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं. सेक्रेटरीने माझं नाव परस्पर नोंदवलं आणि भाषणही लिहून आणलं. सुरुवात अशी होती: 'मी एका हुतात्म्याची कन्या.' मी पेन्सिल घेऊन त्यातल्या सात चुका दुरुस्त केल्या.

"ताई, शुद्धलेखन नको, भावना पाहिजे," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी आई माझ्या कपड्यांना इस्त्री करत होती. पंधराव्या वर्षापासून तिने माझ्या कपड्यांना हात लावला नव्हता.

"बाबा सबसिडी काढायच्या बाजूचे होते, आई."

"माहीत आहे. जेवताना तेच ऐकत आलेय. भाजीत मीठ नाही हे सांगायला मला मध्ये जागा मिळायची नाही."

"मग मी हे कसं वाचू?"

तिने बाही उलटी केली. "घरात माणूस काहीही बोलतो. बाहेर आज लोक त्यांना मान देताहेत. एकतीस वर्षांत कोणी दिला होता? गाडीवाले काचसुद्धा पूर्ण खाली करायचे नाहीत. दोन बोटांच्या फटीतून पैसे." इस्त्री तिने जरा जास्तच दाबली. "वाच आणि ये. कोणाचं काय जातंय."

मी भाषणाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

नगरभवनात डावीकडे तज्ज्ञ आणि व्यापारी बसले होते, पुढ्यात लॅपटॉप आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्या. उजवीकडे पंप कामगार, गणवेशात, आपापल्या पाळीप्रमाणे. आई सेक्रेटरीच्या शेजारी, पहिल्या रांगेत. आयोगाच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या. वेळ संपल्याची खूण म्हणून कारकुनाच्या हातात पितळेची घंटा होती.

पहिल्या वक्त्याची तीन मिनिटं संपली, घंटा वाजली, आणि सकाळपाळीचे सगळे कामगार एकदम उभे राहिले. काहींनी टोप्या चाचपल्या.

"काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

उत्तर नोझलकाकांनी दिलं. हे वडिलांचे वीस वर्षांचे पाळीतले जोडीदार, अंगाने नळीसारखे, म्हणून हे नाव. "सवय आहे बाई. आमच्याकडे दोनला घंटा होते आणि पाळी बदलते."

"आणि घंटा झाली की लगेच हातातलं टाकून निघता?"

"छे. हातातली टाकी पुरी करायची. नवी घ्यायची नाही."

"इथे फक्त बसायचं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

ते बसले. पण पुढच्या प्रत्येक घंटेला ती रांग अर्धी उठायची आणि ओशाळून खाली बसायची. एका तज्ज्ञाने सांगितलं की भाव वाढले की लोकांना योग्य तो संदेश मिळतो. "मिळाला," नोझलकाका मोठ्याने म्हणाले, "परवा घरमालकाने आणून दिला." तज्ज्ञाने हे लिहून घेतलं. एका टॅक्सीवाल्याने सबसिडीच्या बाजूने इतकं तावातावाने भाषण केलं की शेवटी त्याने सबसिडीलाच शिव्या घातल्या.

एकोणिसावी मी.

"माझे वडील एकतीस वर्षं पंपावर होते," मी वाचलं. हे खरं होतं. पुढचं वाक्य होतं, 'भाववाढीची बातमी कानी पडताच त्यांनी छातीवर हात ठेवला.' मी ते पाहिलं. मी आयुष्यभर खोट्या गोष्टी वाचत आले आहे, आवडीने, पण त्या बऱ्या लिहिलेल्या असतात.

"त्यांना न्युमोनिया झाला होता," मी म्हणाले. "बातमी आली तेव्हा ते नव्हते."

सेक्रेटरी आपल्याकडच्या प्रतीत हे वाक्य शोधू लागला. मी कागद खाली ठेवला आणि साठ लिटरची टाकी आणि एक लिटरची बाटली सांगितली, ते सांगायचे तशीच. "म्हणून माझे वडील सबसिडी काढायच्या बाजूचे होते. युनियनमध्ये हे ते कधी बोलले नाहीत, कारण ते भित्रे होते."

डावीकडे टाळ्या पडल्या. एक तज्ज्ञ चक्क उभा राहिला. आई खाली बघत होती. आणि घंटा वाजली.

"धन्यवाद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुढचे."

"माझं अजून अर्धं राहिलंय."

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. आता खाली उतरले, तर सोमवारी दुसरा फलक लागणार. फोटो तोच, चोराचा. खाली 'कामगाराचाही पाठिंबा'. वडिलांना मी एका भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर टांगलं होतं, तेही आईच्या देखत.

उजवीकडची सकाळपाळी सवयीने उठली होती. या वेळी ती खाली बसली नाही. मला वाटलं निघाले. सेक्रेटरीलाही तसंच वाटलं. तो रुबाबात दाराकडे चालू लागला आणि चार पावलांवर त्याच्या लक्षात आलं की मागून कोणीच येत नाही.

"बाई," नोझलकाका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "पोरीची टाकी अर्धी आहे."

"म्हणजे?"

"मघाशी सांगितलं ना. घंटा झाली तरी हातातली पुरी करायची."

"तुम्हाला त्यांचं म्हणणं पटतंय?"

"मुळीच नाही. डोकं फिरलंय तिचं. बापाचंही फिरलेलं होतं हे आज कळतंय, वीस वर्षं माझ्या शेजारी उभा राहून बोलला नाही लेकाचा. पण अर्ध्या टाकीवर गिऱ्हाईक हाकलत नाहीत."

"पुरी करू द्या," मागून कोणी म्हणालं. मग दुसरा. "आहे तिथून पुढे, ताई, पहिल्यापासून नको." दुपारपाळीही उठली. हे लोक माझ्यावर भयंकर चिडलेले होते आणि माझं भाषण पूर्ण झाल्याशिवाय बसायला तयार नव्हते.

अध्यक्षबाईंनी शेजारच्यांशी कुजबुज केली आणि एक मिनिट दिलं.

मी उरलेलं सांगितलं. बाटलीवाली, तिचा अर्ज, फोटो, शिक्का. "आधी द्या, मग काढा. हे याच क्रमाने व्हायला हवं असं ते म्हणायचे. सरकारवर त्यांचा विश्वास नव्हता. सरकार घेताना मीटर बघतं आणि देताना अंदाजाने देतं, असं त्यांचं मत होतं." उभा असलेला तज्ज्ञ हळूच बसला. टाळी एकही पडली नाही, डावीकडे ना उजवीकडे. मी खूप भाषणं ऐकली आहेत. इतकी समाधानकारक शांतता कुठे मिळाली नाही.

उतरताना कारकुनाने फॉर्म पुढे केला. त्यावर 'बाजूने' आणि 'विरोधात' असे दोनच रकाने होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग त्याने पट्टी घेऊन शेजारी तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'इतर'.

बाहेर पायऱ्यांवर नोझलकाका भेटले. "भित्रा होता हे खरं आहे," ते म्हणाले. "कुत्रं आलं की माझ्या मागे उभा राहायचा. माझ्या मागे काय लपणार होता?" एवढं बोलून ते भराभर निघून गेले.

सेक्रेटरी आईकडे आला. "वहिनी, सोमवारच्या सभेला गर्दी फार आहे. तुम्हाला उगीच त्रास."

"बरं," आई म्हणाली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. चार स्टॉप गेले. तिच्याकडे काहीतरी होतं, ते मी काढून घेतलं होतं, आणि माफी कशी मागायची ते मला सुचत नव्हतं.

"भित्रे म्हणायला नको होतंस," ती शेवटी म्हणाली.

"हो. चुकलंच."

"भित्रे नव्हतेच मुळी. आळशी होते. भांडायचं म्हणजे उठावं लागतं." ती माझ्याकडे वळली. "लग्न ठरत होतं तेव्हा मी विचारलं, तुम्हाला आवड कशाची? म्हणाले, बसायची. मला वाटलं गंमत करताहेत. दिवसभर उभा राहणारा माणूस तो, मला काय माहीत. पहिल्या रात्री पाय चेपून मागितले माझ्याकडून. माझ्याकडून! पायांना असा वास, मी म्हटलं काडी ओढली तर दोघं जाऊ."

"मग?"

"मग काय मग. चेपले."

ती हसायला लागली. हसणं मध्येच कुठेतरी फाटलं आणि तिला ते आवरेना. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकलं. पुढे बसलेला माणूस मागे वळून बघू लागला.

"बघताय काय?" आई त्याला म्हणाली. "नवरा गेलाय माझा."