झाडावरची बिस्किटं

मान्यवरांनो, तुम्ही त्या बाईच्या बागेतली सजावट खाल्लीत. तोडली नाहीत, चोरली नाहीत, दातांनी फोडून खाल्लीत. आणि आता माफी तिनेच मागायची म्हणता.

सगळी वसाहत तिला ओव्हनकाकू म्हणते. शाळेच्या कॅन्टीनमधलं काम सुटल्यापासून ती घरीच केक-बिस्किटं भाजते. पण हिवाळी मेळ्यात ज्याचा स्टॉल लागतो, त्यालाच लोक वर्षभर ऑर्डरी देतात. बाकीच्यांनी ओव्हन तापवून नुसते हात शेकायचे. स्टॉल कुणाला द्यायचा हे मेळ्याची समिती ठरवते, आणि यंदा समितीने टूम काढली: ज्याची बाग घरी बनवलेल्या वस्तूंनी सजलेली, त्यालाच स्टॉल. केकचा आणि बागेचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

काकूने पदर खोचला. मैद्यात सढळ हाताने मीठ घालून घट्ट गोळा मळला, चांदण्या, पक्षी, गोगलगायी कापल्या, मंद आचेवर दगडासारख्या वाळवल्या, रंगवल्या आणि वर वॉर्निश फासलं. नवरा जन्मभर इलेक्ट्रिशियन होता. उरल्यासुरल्या तांब्याच्या तारेने त्याने एकेक नग लिंबाच्या झाडाला टांगला. साचे मात्र घरात एकाच प्रकारचे होते, बिस्किटांचे.

"अगं, झाडाला फराळ लागलाय असं वाटतंय," तो शिडीवरून म्हणाला.

"वाटू दे. खाणारंय कोण?"

इथेच ती चुकली. समितीला ती ओळखत नव्हती.

पाहणीला अध्यक्ष, सचिव आणि सदस्यबाई आले. ही मंडळी आधीच्या सगळ्या घरी चव बघत आली होती. कुणाचा केक, कुणाची चिक्की, कुणाचं नुसतंच सरबत. खिशात हात घालायची सवय नाही, दुसऱ्याच्या ताटात घालायची आहे. काकूने खरी आल्याची बिस्किटं स्वयंपाकघरात रुमालाखाली झाकून ठेवली होती. ती आणायला आणि चहा टाकायला ती आत गेली. तेवढा वेळही यांना धीर निघाला नाही.

बाहेरून कडकन आवाज आला.

ती ट्रे घेऊन आली तर अध्यक्ष गाल धरून उभे, सचिवांच्या ओठांवर चंदेरी रंग, आणि सदस्यबाई दोन पक्षी पर्समध्ये सरकवत होत्या, नातवंडांसाठी.

"साहेब, ते खायचं नाहीये हो," काकू म्हणाली.

अध्यक्षांनी अर्धी गोगलगाय रुमालात थुंकली. "मीठ जरा जास्त झालंय," म्हणाले, आणि गेले. आल्याच्या बिस्किटांना कुणी हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. काकूच्या मालामुळे मान्यवरांच्या आरोग्यास बाधा पोचली, सबब स्टॉल नाही. लेखी माफी मागितली तर विचार होईल. तोवर ती जागा अध्यक्षांच्या मेहुणीला. ती दुकानातली बिस्किटं वेष्टन काढून घरची म्हणून विकते. तिच्या बागेत घरचं असं काही असेल तर वाळत घातलेले टॉवेल.

"दोन ओळी खरडून टाक," नवरा म्हणाला. "कागदच तर आहे. स्टॉल हातचा जाईल."

"खरडते की. पण काय लिहू?"

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तेच विचार त्यांना."

काकू साडी बदलून समितीच्या कार्यालयात गेली. तिघेही मान्यवर हजर होते. अध्यक्षांचा गाल अजून सुजलेला होता. मेहुणीही तिथेच बसून बोर्डावर कुठला रंग द्यायचा ते ठरवत होती.

"साहेब, मी माफी लिहायला आलेय. मजकूर तुम्ही सांगा."

"त्यात सांगायचं काय? घडल्या प्रकाराबद्दल क्षमस्व."

"कुठल्या प्रकाराबद्दल?"

"तुम्हाला ठाऊक आहे, बाई."

"मला ठाऊक आहे हो. कागदाला कुठे ठाऊक आहे? मी सजावट टांगली, ती तुम्हीच सांगितली होती. घरी बनवली, तेही तुम्हीच सांगितलं होतं. मग पुढे काय झालं म्हणून लिहू?"

सचिव फाइल चाळू लागले. सदस्यबाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"उद्धटपणा नको," अध्यक्ष म्हणाले.

"उद्धटपणा नाही, साहेब. हातात पेन घेऊन उभी आहे." तिने खुर्ची ओढली आणि कागद पुढ्यात घेतला. "स्टॉल मला हवाय, म्हणून तुम्ही सांगाल ते लिहीन. 'माझ्या झाडावरचं,' एवढं लिहिलं. पुढचा शब्द सांगा. कुणी खाल्लं, आणि कुणाला विचारून?"

मान्यवरांनो, बाई अजून पेन धरून बसली आहे. सांगा तिला.