बेशुद्ध बाईचे पाय

"तुम्हाला पोहता येतं का हो?"

ओपलने एका दमात विचारून टाकलं आणि मगच श्वास घेतला. पैज वर्गातल्या मॅक्झिन आणि थेल्माची होती. लाइल कॅरावेसमोर उभं राहून हाच प्रश्न विचारायचा, उत्तर घेऊन सोमवारी शाळेत यायचं, नाहीतर जन्मभर भित्री म्हणवून घ्यायचं. गेल्या वर्षीची ओपल असती तर ताप आल्याचं सांगून घरी बसली असती. पण वसंतातल्या पोहण्याच्या शर्यतीत तिने मुलांच्या संघाच्या नायकालाही मागे टाकलं होतं आणि तेव्हापासून तिची जीभही तिच्यापुढे दोन हात पोहत होती.

लाइल कॅरावे म्हणजे दर्याचा राजा. राणीचा परवाना छातीशी बाळगून शत्रूची जहाजं लुटणारा कप्तान तो इतक्या सिनेमांत झाला होता, की स्टुडिओच्या दारावरचा पहारेकरीसुद्धा त्याला सलाम ठोकून "वारा कसाय, कप्तान?" असं विचारायचा. आत्ता तो मांडीपर्यंतचे बूट घालून कापडी खुर्चीत रेलला होता. शेजारी टोपीवर अख्खा पक्षी बसवलेल्या पिमबाई होत्या. पिमबाईंनी सकाळी वर्तमानपत्रात लिहिलं, की दुपारपर्यंत ते साऱ्या देशाच्या तोंडी व्हायचं.

लाइलने एक भुवई उचलली. त्या भुवईवर ओपलच्या वर्गातल्या निम्म्या मुली भाळल्या होत्या.

"पोरी, मी चालायच्या आधी पोहायला शिकलो!"

पिमबाईंनी पेन्सिल ओली केली. आणि मागून भोंग्यातून आवाज आला, "मग डुप्लिकेट कशाला हवाय?"

दिग्दर्शक क्रॅन्झसाहेबांना दुसऱ्यांच्या गप्पा फार लांबून ऐकू यायच्या. "आजची जहाजावरून पाण्यातली उडी तुम्हीच मारायची, लाइल! कॅमेरा अगदी तोंडाजवळ लावतो. पिमबाई, लिहून घ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाइलची भुवई हळूच आपली आपण खाली आली.

ते ओपलच्या नजरेतून सुटलं नाही. तिचे बाबा, ऑरव्हिल, इथलं सिनेमाचं जहाज डोलवायचे. सिमेंटच्या हौदात उभं असलेलं ते लाकूड-प्लास्टरचं जहाज त्यांच्या हातातल्या दांड्यावर हलायचं. आई, अर्मा, कपड्यांच्या खात्यात शिवायची. शनिवारी शाळा नसली की ओपल इथेच घुटमळायची, त्यामुळे चेहरे वाचायला ती चांगली शिकली होती. ती लाइलच्या मागोमाग गेली. तो लाकडी तोफेवर बसून हौदाकडे असा बघत होता, जसं कोंबडं सुरीकडे बघतं.

"माफ करा हं. मी उगाच..."

"मी नेब्रास्काचा आहे," तो कुजबुजला. "आमच्याकडे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गुरांचा हौद. त्यातही आई मला बखोट धरून उभं करायची."

"मग सांगून टाका ना क्रॅन्झसाहेबांना!"

"पिमबाईंसमोर? दर्याचा राजा आणि टाकीत बुडतो! अगं, लोक हसून हसून लोळतील. मग मला कप्तान कोण करणार? नावाडीसुद्धा करणार नाहीत." त्याने बुटांकडे पाहिलं. "आणि ते सगळं, मी बुडून मेलो नाही तर."

त्याचा जीव आणि त्याची अब्रू, दोन्ही तिच्या जिभेपायी पाण्यात जायला निघाली होती. ओपलला रडू आलं. पण रडण्यात वेळ घालवणारी ओपल गेल्या वर्षीची.

"उडी मारताना तुमच्या हातात बेशुद्ध बाई असते ना? ती कोण होणार?"

"मी," शेजारून घोगरा आवाज आला. नायिका मिस डेव्हरो केस भिजवून घेत नसत. म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांचा मखमली झगा आणि सोनेरी टोप गसकाकांच्या अंगावर होता. गसकाका जुने घोडेस्वार. झगा गुडघ्यापर्यंत खोचून ते चिरूट ओढत होते. "तीस वर्षं बायकांच्या झग्यात घोड्यावरून पडतोय, पोरी. पण बुडत्या माणसाला घेऊन पोहणं आपल्याच्याने व्हायचं नाही. मीच त्याच्या उरावर बसेन."

"मग तो झगा मला द्या," ओपल म्हणाली. "बेशुद्ध मी पडते. वरून मिस्टर कॅरावे मला वाचवतील. पाण्याखालून मी त्यांना."

लाइलने तिच्याकडे पाहिलं, गसकाकांकडे पाहिलं, आणि तडक क्रॅन्झसाहेबांकडे गेला. "कॅमेरा जवळ आणणार असाल तर गसच्या दाढीचं काय?"

क्रॅन्झसाहेबांनी मान वळवली. गसकाकांनी टोप सावरत चिरुटासकट गोड हसून दाखवलं.

"मुलगी घ्या," क्रॅन्झसाहेब घाईघाईने म्हणाले.

कपड्यांच्या खोलीत आईने झगा तिच्यावर चढवला. "अगं, गसच्या कमरेत तीन ओपल मावतील!" तोंडात टाचण्या धरूनच ती करवादली. "आणि असल्या घोळात कधी पोहली आहेस? ही मखमल भिजली म्हणजे तिचा दगड होतो, दगड! कसली ही हौस?"

ओपलने तिच्या कानात सगळं सांगितलं. आईने दारातून लाइलकडे निरखून पाहिलं.

"एवढा थोरला घोडा!" ती म्हणाली. मग मोठी कात्री उचलून तिने आतले सगळे परकर कराकरा कापून टाकले. "हात मोकळे आहेत ना? पाय मार बघू."

जहाजाच्या कठड्यावर लाइलने तिला उचललं.

"डोळे मिटू?" त्याने विचारलं.

"तुम्ही नाही. मी मिटायचे."

"ॲक्शन!"

पाणी थडाडकन फुटलं. हौदात तिथेच मुद्दाम खोल खड्डा केलेला होता. खाली जाताना आंघोळ घातलेलं मांजर मनगटाला बिलगतं तसा दर्याचा राजा तिच्या गळ्याला बिलगला. ओपलने दोन लाथा हाणल्या आणि दोघं वर आली. डोळे मिटलेले, मान टाकलेली, आणि ओठ न हलवता ती फिसफिसली, "गळा सोडा. कमरेला धरा. हनुवटी वर. आता हसा."

"हसू?"

"तुम्ही मला वाचवताय!"

लाइल हसला. शप्पथ, मरणाच्या दारातही काय हसला! एका हाताने उगाच पाणी कापत त्याने वाक्य सुरू केलं, "घाबरू नका, बाईसाहेब! मी असताना समुद्राची काय बि..." आणि घोटभर समुद्र गिळला.

"बेशुद्ध बाई!" भोंगा गरजला. "तुमचे पाय हलतायत!"

ओपल गारठली. पाय थांबवले तर राजा तळाला जाणार, मारत राहिले तर पिमबाईंनाही दिसणार. पण वर दांड्यापाशी उभ्या असलेल्या बाबांनी आपल्या पोरीचा पोहण्याचा झपाटा दहा वर्षं पाहिलेला होता. कोण कुणाला नेतंय, ते त्यांनी एका नजरेत ओळखलं. त्यांनी दांडा पुरता रेटला. जहाज कलंडलं, हौद उसळला, फेसाचा डोंगर झाला आणि बेशुद्ध बाईचे पाय त्याखाली गडप झाले. मग काय, ओपलने शर्यतीतसुद्धा मारल्या नव्हत्या अशा लाथा मारल्या! दोरीची शिडी हाताला लागली, खलाशांनी आरोळी ठोकली, आणि लाइलने शिडीला मिठी मारून वाक्य पुरं केलं, "...बिशाद!"

"कट! ती लाट कुणी सांगितली होती?" क्रॅन्झसाहेब ओरडले. मग जरा थांबून म्हणाले, "असू दे. झकास आली!"

पिमबाई डोळे टिपत होत्या. "किती घट्ट धरलं होतं हो त्यांनी तिला! जिवापाड!"

"जिवापाडच," गसकाका चिरुटाच्या धुरात पुटपुटले. "स्वतःच्या."

संध्याकाळी जेवताना आईने कुस्करलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. "मॅक्झिनचे फोनवर फोन येतायत. काय सांगणार आहेस तिला? खरं सांगितलंस, तर पैज तुझी, पण तो बिचारा संपला. आणि खोटं या घरात चालत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," ओपल म्हणाली. तिच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. तिने काटा ताटात ठेवला आणि खुर्ची मागे सारून उभी राहिली. "आई, बाबा, माझं ठरलंय. सोमवारी शाळेत मी सांगणार, की लाइल कॅरावे मस्त पोहतो."

आईची भुवई वर गेली. लाइलपेक्षाही वर.

"आणि मी खोटी पडायला नको, म्हणून उद्या चर्चमधून आले, की मी त्याला पोहायला शिकवणार."

बाबांना ठसका लागला. "एका दिवसात?"

"उद्या बेडूक करते. मासा हळूहळू करीन."

"अगं, पण त्याला विचारलंस तरी का?"

"छे! विचारल्यावर काय होतं ते पाहिलंत ना आज? आता विचारायचं नाही, बाबा. थेट जाऊन त्याला सांगायचं."