पहिलं नाव शेवंतीचं

बँकेत चौतीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कागदात चूक दिसली की हात शिवशिवतात, आणि कागद धरून समोर बसलेला माणूस दिसेनासा होतो. माझी बायको हे मला लग्नापासून सांगत आली आहे आणि मी तिला कधी जुमानलं नाही. शेवंतीच्या बाबतीत ती बरोबर निघाली.

शेवंती डोंबिवलीच्या मासळीबाजारात तिसऱ्या ओट्यावर बसायची. आम्ही कायस्थ, मासळीशिवाय आमचा रविवार उजाडत नाही, त्यामुळे बावीस वर्षं तिची माझी घासाघीस चालू होती. ती मला दादा म्हणायची आणि पापलेटच्या भावात दहा रुपये सोडायची नाही. तिचा नवरा दर्शन अबोल माणूस होता. खाडीत मासा उरला नाही तेव्हा त्याने होडी विकली आणि कर्ज काढून छोटा टेम्पो घेतला. रोज पहाटे मुंबईच्या धक्क्यावरून बर्फातला माल आणायचा, बायकोच्या ओट्यावर उतरवायचा आणि बाजूच्या टपरीवर चहा पीत बसायचा. चहाचे पैसेसुद्धा तो तिच्याकडून मागून घ्यायचा. कोळ्यांच्या घरात पैशाची थैली बाईच्या कमरेला असते, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

टेम्पोला दोन वर्षं झाली आणि धक्क्यावर बर्फाची पेटी उचलताना दर्शनच्या छातीत कळ आली. तिथेच संपला. वय सत्तेचाळीस.

तीन महिन्यांनी शेवंती माझ्या घरी आली. बरोबर मुलगी होती, वर्षाली. ती ठाण्याला एका लॅबमध्ये नोकरी करायची. शेवंतीने पिशवीतून मासळीच्या वासाचा एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"दादा, यो कागद वाचा जरा. पोरीने वाचला, पन माझा इश्वास बसत नाय."

विमा कंपनीचं पत्र होतं. कर्जावर काढलेल्या विम्याचा दावा नामंजूर केला होता. कारण एका ओळीचं: विमाधारक हयात आहे.

मी कर्जाची फाइल मागितली आणि पाच मिनिटांत सगळा प्रकार लक्षात आला. कर्ज देणाऱ्या कंपनीकडून गुरुदत्त नावाचा एक पोरगेला विक्रेता घरी आला होता. फॉर्म भरताना त्याने विचारलं, घरात पैसे कोण बघतं? दर्शनने बायकोकडे बोट दाखवलं. "हिचंच नाव पहिलं घाला," तो म्हणाला होता, "लक्ष्मी हिच्या हातात." म्हणून पहिली अर्जदार शेवंती, दुसरा दर्शन. त्याच फॉर्मच्या नवव्या पानावर विम्याची बरोबरची खूण आधीच छापलेली होती. एक्केचाळीस हजारांचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्यावरही व्याज. आणि विमा फक्त पहिल्या नावाचा.

"सगल्या घराचा इमा हाय असा बोललेला तो गुरुदत्त," शेवंती म्हणाली. "म्हंजे मी जित्ती हाय, ही माझी चूक झाली."

वर्षालीने तिचा हात दाबला. मी मात्र तोवर पुढचं पान उलटलं होतं.

पुढे आणखी घाण होती. दर्शन गेल्यावर त्याच गुरुदत्तने फोनवर सांगितलं की दावा टाकलाय, निकाल लागेपर्यंत हप्ते भरू नका. यांनी भरले नाहीत. कंपनीने दर महिन्याला तिच्या खात्यावर तीन-तीनदा हप्त्याची मागणी टाकली, खातं रिकामं म्हणून तिन्ही वेळा परत गेली, आणि दर खेपेला दंड लावला. वर उशिराचा आकार वेगळा, वसुलीला माणूस पाठवल्याचा आकार वेगळा. वसुलीचा माणूस येऊन करायचा काय, तर ओट्यासमोर उभा राहून गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात शेवंतीला कर्जबुडवी म्हणायचा. आणि पतअहवालात तिच्या नावापुढे थकबाकीदार असा शेरा बसला होता. फसवलं यांनी आणि चोर ठरली ती. माझं डोकं भणाणलं.

"शेवंतीबाई, यातला रुपयान् रुपया वसूल करतो," मी म्हणालो.

"पैशाचा र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "टेम्पोला ड्रायवर ठेवलाय, मी फेरीन करज. मना एकच सांगा. माझ्या मागं यो करज पोरीच्या गल्यात तं नाय ना परनार?"

"छे," मी म्हणालो. त्या दिवशी ते खरं होतं.

मग सुरू झाली माझी लढाई. माझी म्हणतो, कारण तशीच होती ती. कंपनीचं ऑफिस माजिवड्याला, काचेच्या इमारतीत. मी नोकरीची शेवटची सहा वर्षं माजिवड्याच्याच शाखेत काढलेली, त्यामुळे तो भाग पायाखालचा होता. पहिला अर्ज शाखेला, दुसरा तक्रार अधिकाऱ्याला, तिसरा कर्जाच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे. प्रत्येक अर्जाची पोच घेतली, प्रत्येक दंडाची तारीख लाल पेनाने लिहिली. घरातलं जेवणाचं टेबल माझ्या कागदांनी व्यापलं. बायको म्हणाली, निवृत्तीनंतर तुम्ही पहिल्यांदा दाढी रोज करायला लागलात. ती थट्टा नव्हती हे मला आता कळतं.

शेवंती दर रविवारी माझ्याकडून मासळीचे पैसे घेईनाशी झाली. मी टाकले तर ती परत पिशवीत कोंबायची. एकदोनदा तिच्या ओट्यावर सोड्याची बाटली दिसली. विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय. मी तिला जिऱ्याचं पाणी प्यायला सांगितलं आणि लोकपालाचं उत्तर कधी यायचं आहे ते सांगत बसलो.

पाच महिन्यांनी कंपनी नमली. पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. सगळा दंड माफ. थकबाकीचा शेरा काढणार. राहिलेले हप्ते शेवटाला जोडणार. विमा चुकीची माहिती देऊन विकला गेल्याचं मान्य. ग्राहकाची इच्छा असेल तर तो रद्द करून हप्ता व्याजासह, म्हणजे शेहेचाळीस हजार, परत. अट एकच होती. दर्शनच्या जागी घरातल्या कमावत्या माणसाचं नाव दुसरा अर्जदार म्हणून लागेल. कमावतं माणूस म्हणजे वर्षाली.

सह्या करायला दोघी आल्या. वर्षालीने पेन हातात घेतलंसुद्धा, पण शेवंतीने तिचं मनगट धरलं.

"पोरीचा नाव नको दादा. बाकी कायपन करा."

"अहो, ही नुसती औपचारिकता," मी म्हणालो. "दोन नावांचं कर्ज दोन नावांचंच राहणार. तुम्ही ठणठणीत आहात, तिच्यावर कशाला येतंय? आणि ही सही नसेल तर दंड माफ नाही, शेरा निघणार नाही, तो माणूस पुन्हा ओट्यासमोर येऊन उभा राहील."

एक हात तिने पोटावर दाबून धरला होता. मी बघितला तो हात. खोटं कशाला बोलू, मी बघितला होता.

"मंग ती पॉलिसी र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या नावाची हाय ना? मी मेली तं करज फिटंल ना तिच्यान?"

पत्रात सोय होती. विमा ठेवायचा की रद्द करायचा, दोन चौकटी होत्या, हवी तिच्यात खूण करायची. हप्ता भरलेला होता, विमा आणखी चार वर्षं चालला असता. एखाद्या नवशिक्या कारकुनानेही तिला विचारलं असतं की बाई, असं का म्हणतेस? मला मात्र राग आला. ज्या विम्यासाठी पाच महिने भांडलो, तोच ठेवायचा?

"शुभ बोला हो," मी म्हणालो. "ज्यांनी तुम्हाला लुबाडलं त्यांच्याकडेच पैसे ठेवायचे? एकीकडे फसवणूक म्हणायचं आणि दुसरीकडे तीच गळ्यात बांधून हिंडायचं? लोकपाल हसेल आपल्याला."

"तुमी बोलता तं बरोबरच असंल," शेवंती म्हणाली. रद्द करण्याच्या चौकटीत खूण मीच केली. तिने खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मग वर्षालीने केली. दोघी गेल्यावर मी फाइलवर मोठ्या अक्षरात 'निकाली' असं लिहिलं आणि बायकोला म्हटलं, आज गोड कर काहीतरी.

महिन्याभराने एका दुपारी शेवंती एकटीच आली. दारातच उभी राहिली. आत बोलावलं तर म्हणाली, अंगाला वास हाय, नको.

"दादा, ती पॉलिसी परत भेटंल काय? शेहेचाल हजार परत केलं तं?"

मला हसू आलं. हसलोच मी. "शेवंतीबाई, एवढा आटापिटा करून रद्द केली, आता परत? नाही मिळत ती. आणि कशाला हवी? तुमचं नाव आता कसं स्वच्छ झालंय, दाखवू का अहवाल?"

मी आतून अहवाल आणला. थकबाकीदार हा शेरा गेला होता. तिने तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"छान हाय," ती म्हणाली. "असाच इचारला मी." पिशवी पोटाशी धरून ती जिना उतरली.

त्यानंतर दोन रविवार ओटा रिकामा दिसला. मी समजलो, गावी गेली असेल, जत्रा असेल. तिसऱ्या रविवारी शेजारच्या ओट्यावरची म्हणाली, तिला परळच्या हॉस्पिटलात नेलंय. पोटाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. मी भेटायला जायचं ठरवलं. जाताना काय न्यायचं, काय बोलायचं याचा विचार करण्यात आठवडा गेला, आणि मी पोचायच्या आत ती गेली. वर्ष भरायच्या आत त्या घरातून दुसरी तिरडी निघाली.

कर्ज अजून पाच लाख दहा हजार शिल्लक आहे. आता ते वर्षालीचं आहे. हप्ता तिच्या लॅबच्या पगारात बसत नाही, म्हणून सकाळी साडेदहापर्यंत ती आईच्या ओट्यावर बसते, मग आंघोळ करून ठाण्याची गाडी पकडते. तिला मासळी नीट कापता येत नाही. बोटांना पट्ट्या असतात.

गेल्या आठवड्यात ती कंपनीचा एक फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. पहिली अर्जदार वारल्यामुळे कर्जाचं पहिलं नाव बदलायचं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. चष्मा लावला आणि भरायला बसलो. नाव, पत्ता, नोकरी. पहिल्या नावाच्या रकान्यात वर्षाली लिहिलं. शेवटच्या पानावर तळाशी विम्याची चौकट होती, बरोबरची खूण पुन्हा आधीच छापलेली. सवयीने माझा हात गेला आणि मी ती आडवी रेघ मारून खोडली.

"खोडू नका काका," वर्षाली म्हणाली.

मी वर बघितलं.

"आईने सांगितलंय. पहिलं नाव ज्याचं, त्याचा विमा ठेवायचा. कोणी काही बोललं तरी." ती टेबलावरच्या कागदाकडे बघत बोलत होती. "ती तुमच्याकडे आलेली ना, पॉलिसी परत मिळते का विचारायला? रिपोर्ट मीच आणलेले लॅबमधून. तिच्या पिशवीत होते तेव्हा."

मग मी विचारलं, "मला का नाही दाखवले?"

"मी पण तेच विचारलं तिला. बोलली, दादा हसत होता. किती दिवस राबला आपल्यासाठी, त्याला कशाला सांगायचं की त्याच्या हातून असं झालं. तू पण सांगू नको." तिने फॉर्म पुन्हा माझ्यासमोर सरकवला. "मी नसतं सांगितलं काका. पण तुम्ही परत खोडलंत."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको दाराशी येऊन उभी होती.

मी चौकटीच्या बाजूला 'हो' असं लिहिलं. कागदावर खाडाखोड केली की शेजारी सही लागते, नाही तर फॉर्म परत येतो. चौतीस वर्षं हे मी लोकांना काउंटरवरून ओरडून सांगत आलो. वर्षालीसाठी त्या जागेवर नुसतं बोट ठेवलं. पट्टी बांधलेल्या बोटांनी तिने पेन धरलं आणि माझ्या खाडाखोडीशेजारी तिची सही केली.