गुणाबाईनं लावलेलं विरजण

बाजाराच्या दिवशी कोरपन्यात भाजीच्या पालांपुढे माणूस नव्हता. सगळी गर्दी एका पांढऱ्या गाडीभोवती. गाडीत दह्याची मडकी, टपावर कर्णा आणि पुढे टाय लावलेले प्रफुल सर. एका म्हातारीने काठी टाकून चार पावलं चालून दाखवली आणि टाळ्या पडल्या. साल २००३. भगव्या कपड्यांना गिऱ्हाईक कमी झालं, तसे बुवा टाय लावायला लागले होते.

"हे साधं दही नाही, बंधूंनो. यात करोडो जिवंत जंतू आहेत. फॉरेनात याला प्रोबायोटिक म्हणतात. हे पोटातून थेट गुडघ्यात उतरतात आणि झिजलेली वाटी भरून काढतात."

पुरावा म्हणून सर सूक्ष्मदर्शकातून ठिपके दाखवत. तसे ठिपके कोणत्याही दह्यात दिसतात. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून विचारलं, की जंतूंना गुडघ्याचा रस्ता कोण सांगतं? लोक माझ्यावरच चिडले. आमच्या मुख्याध्यापकांनी तर सरांना शाल पांघरली.

माझी शेजारीण गुणाबाई. कापूस वेचण्यात आणि निंदण्यात तिचे गुडघे पार गेले होते. दही सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी ती चक्क उकिडवी बसली. महिन्याभरात तिचा चेहरा गोल झाला. बाया म्हणाल्या, अंग भरलं. मग कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट लागून तिच्या पायाच्या बोटाला जखम झाली, ती भरायचं नाव घेईना. सर म्हणाले, जुनं विष बाहेर पडतंय, दही दुप्पट करा. जखमेचा वास येत होता आणि हा माणूस हसत होता. मला त्याची किळस आली.

सरांची एक सक्त ताकीद होती: या दह्याचं विरजण लावायचं नाही, शक्ती जाते. पण गुणाबाईच्या घरी याआधी दही कधी विकत आणलेलं नव्हतं. तिने गुपचूप चमचाभर दही दुधात घातलं आणि आठ दिवस तेच खाल्लं. नवव्या दिवशी तिला खाटेवरून उठवेना. मला बोलावून म्हणाली, "नाहीदबाई, दही तं त्याच्याहून घट्ट लागलं. जंतू जित्ते हायेत. मंग गुडघा काऊन नाई चालून राह्यला?"

मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पण असा प्रश्न मला सुचला नव्हता. जिवंत जंतू चमच्याचे भांडंभर होतात. औषध मात्र दुधात वाढत नाही, उलट पातळ होत जातं. म्हणजे गुण जंतूंचा नव्हताच, मडक्यात दुसरंच काही होतं.

सरांचं उरलेलं मडकं आणि गुणाबाई, दोघांना घेऊन मी चंद्रपूरला गेले. डॉक्टरांनी तिचा गोल चेहरा पाहूनच ओळखलं, ही औषधाची सूज आहे. साखर भलतीच चढली होती. त्यांनी कळवल्यावर पुढच्या बाजारात औषध खात्याचे लोक आले, तेव्हा गाडीच्या सीटखाली खलबत्ता आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या. गोळ्या कुटून दह्यात कालवलेल्या. त्या सूज आणि दुखणं दाबतात, तोंड फुगवतात, साखर चढवतात, जखम भरू देत नाहीत आणि एकदम थांबवल्या की माणूस गळून जातो. वाटी मात्र तसूभरही भरत नाही. दही बिचारं पोटाला बरं, पण त्याने झिजलेला गुडघा नवा झाल्याचं कोणीही सिद्ध केलेलं नाही.

गुणाबाईची दोन बोटं कापावी लागली. ती घरी आली तेव्हा भेटायला आलेल्या गल्लीतल्या लच्छूच्या आईने हळूच विचारलं, की त्यातलं एखादं मडकं उरलं आहे का, तिचे गुडघे फार दुखतात. मला संताप आवरेना. गुणाबाईने मला हाताने थांबवलं आणि पायावरचं पांघरूण बाजूला केलं.

"पाह्य नीट," ती म्हणाली. "गुडघा दुखते तं दवाखान्यात जाय. कोनी काई देल्लं तं त्यात काय हाय ते पयले इचार. सांगत नसन तं तोंडाले लावू नोको. मी नाई इचारलं."