नाल्यावर धुतलेली मेथी

धामणगाव बढ्याच्या मोतीरामच्या मुलीला, छायाला, पहिला झटका आला तो मळ्यात मेथीच्या जुड्या बांधताना. डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय ताडताड उडू लागले. कोणीतरी नाकाला कांदा लावला. शुद्धीवर आल्यावर तिला काहीच आठवेना. आजी केसरबाईने बाहेरची बाधा ठरवून गंडा आणला. मोतीरामने घरच्यांना दटावले, की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. छायाची सोयरीक सोनाळ्याला जुळत आली होती.

दोन महिने घर जीव मुठीत धरून होते. पोरगी जरा गप्प बसली, तरी मोतीराम तिला हाक मारून पाही. आणि एके दिवशी ती चुलीपुढेच कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हा कुठे त्याने तिला बुलढाण्याला नेले.

डॉक्टर नीरजाबाईंनी मेंदूचा एमआरआय करायला लावला. फिल्म उजेडाकडे धरून त्यांनी दोन बारीक गाठी दाखवल्या. डुकराच्या मांसातून पोटात होणाऱ्या लांब जंताच्या अळ्या मेंदूत जाऊन बसल्या होत्या.

"आमच्या घरात मटण शिजत नाही, बाई," मोतीराम म्हणाला. "मंग हे आलं कोठून?"

"माणसाच्या विष्ठेतून. जंत झालेला माणूस उघड्यावर बसतो, जंताची अंडी पाण्यात जातात, ते पाणी भाजीला लागतं आणि भाजी आपल्या पोटात जाते. औषधानं हे बरं होतं, मोतीरामभाऊ. पण दोन महिने कशाची वाट पाहिली?"

मोतीरामला गावचा नाला आठवला. ज्या नाल्याकाठी अर्धे गाव सकाळी बसते, त्याच नाल्यात वीस वर्षे तो भाजी धूत आला होता. स्वतःही टमरेल घेऊन तिकडेच जाई. घरच्या संडासात गुरांचे कुटार भरलेले होते.

"माह्याच हातानं पोरीले चारलं म्या!"

घरी येताच त्याने संडास मोकळा केला. भाजी विहिरीच्या पाण्याने धुऊ लागला, इतर मळेवाल्यांनाही समजावू लागला. सोनाळ्याला जाऊन पाहुण्यांना म्हणाला, "लपवलं म्हणून पोरीचा हात भाजला. आता लपवत नाही."

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. छायाच्या गोळ्या चालू आहेत.

वाचकहो, झटका आलेल्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. आणि उघड्यावर बसताना एवढे ध्यानात ठेवा, की ती घाण कोणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते.